मागची भिंत

भिवाजी भगत सकाळचा चहा कधी पुरा प्यायचा नाही. तळाशी घोटभर ठेवायचा, कप घेऊन मागच्या दाराने परसात जायचा आणि तो घोट घराच्या मागच्या भिंतीवर सोडायचा. ओतायचा नाही, सोडायचा. कपाचा काठ भिंतीला टेकवून, बाळाच्या तोंडात औषध घालावं तसा. मग दोन पावलं मागे सरून, मान तिरपी करून ओघळ कुठवर जातो ते बघत राहायचा. संध्याकाळी वाळलेला डाग बघायला पुन्हा एक फेरी.

"घरात दुधाची बोंब, न यांची भिंत चहा पिते," चंद्राबाई चुलीपुढून म्हणायची.

"दूध घालू नको मग. कोराच दे. कोऱ्याचा डाग चांगला बसतो," तो तिकडूनच.

कडाव गावात भिवाजीला सगळे रंगारी म्हणून ओळखत. कुणाच्या घरी लग्न निघालं की भिंतींना रंगाचा हात मारायला त्यालाच निरोप जायचा. पण त्याचं खरं काम गावाला कधी समजलं नाही. चंद्राबाईलासुद्धा लग्नानंतर काही वर्षं ते नीट उमगलं नव्हतं. खालापूरच्या बाजूला सिनेमांचे, मालिकांचे सेट लागत. तिथे तो जायचा, नव्या भिंती जुन्या करायला. सुतार प्लायवूडचा किल्ला उभा करत, त्यावर प्लास्टर चढे आणि मग त्या कोऱ्या पांढऱ्या भिंतींपुढे भिवाजीला सोडत. त्याच्याजवळ भाताच्या फवारणीचा पंप, चार स्पंज, सायकलची जुनी चेन, राख, गेरू, काजळी, मोरचूद आणि बादलीभर चहाचं पाणी. तीन दिवसांत भिंत दोनशे वर्षांची व्हायची. कुठे पोपडे, कुठे शेवाळ, कुठे दिव्याच्या काजळीची उभी रेघ. जिथे हात टेकून माणसं वळत असतील असं वाटावं, तिथला कोपरा गुळगुळीत आणि तेलकट.

एकदा शूटिंगला सुट्टी होती तेव्हा तो चंद्राबाईला दाखवायला घेऊन गेला. जितेश तेव्हा कडेवर होता. एका वळणावर देऊळ दिसलं. काळ्या दगडाचं, पायऱ्या झिजलेल्या, चौकटीवर शेंदराचे थरावर थर. तिने चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडून डोकं पायरीला टेकवलं. वर बघते तर आत देव नाही.

"अगं, प्लाय हाय. मागनं ये, दाखवतो."

मागून ते देऊळ नव्हतंच. वासे, खिळे, गोणपाट आणि कुणीतरी वाळत टाकलेली बनियन. चंद्राबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "लाकडाच्या पाया पडायला लावलंत मला!" म्हणून ती चिडली. तो मात्र घरी येईपर्यंत रस्ताभर मधूनच एकटा हसत होता. पुढे कित्येक वर्षं पाहुण्यारावळ्यांना सांगायचा, "आमची ही पाया पडलीय माज्या कामाच्या. इचारा तिला."

ते देऊळ मालिकेत दिसणार म्हणून सगळं घर टीव्हीपुढे बसलं. देऊळ आलं, पण त्याच्यापुढे हिरो उभा राहिला आणि हलेचना. "सरक की रं जरा," भिवाजी टीव्हीला म्हणाला. हिरो सरकला तेव्हा जाहिरात लागली. शेवटी नावं पळू लागली तसा तो उठून टीव्हीला चिकटून उभा राहिला, काचेवर बोट ठेवून. केस विंचरणाऱ्यांची नावं होती, कपडे शिवणाऱ्यांची होती, गाड्यावाल्यांचीही होती. "फार पळवत्यात," तो म्हणाला. "असंल मागंपुढं कुठं." दुसऱ्या दिवशीही त्याने बोट ठेवून पाहिलं. त्यानंतर तो नावं लागली की पाणी प्यायला उठायचा.

एकदा धीर करून त्याने सेटवरच्या मोठ्या साहेबांना विचारलं होतं. आमचं नाव लावता येईल का म्हणून. साहेब माणूस चांगला. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि हसत म्हणाले, "भिवा, तुझं काम लोकांना दिसलं, तर ते फसलं म्हणायचं." घरी येऊन त्याने चंद्राबाईला हे जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे काय?" तो म्हणाला, "खरं हाय त्यांचं." त्या दिवशी तो भाकरी कुस्करत बसला आणि अर्धी ठेवून उठला.

सेटचं काम संपलं की दोन दिवसांत सगळं मोडायचे. मोडलेली लाकडं गावची माणसं उचलत. भिवाजीही आणायचा. चंद्राबाईने आयुष्यात किती किल्ल्यांचे दरवाजे आंघोळीच्या पाण्याखाली घातले याला गणती नाही. एकदा एका फळीवर तिला शेंदराचा थर दिसला. तिने ती बाजूला ठेवली. ओळखीची वाटली.

"जाळ की," तो म्हणाला. "काम झालं तिचं."

"एखादी तरी ठेवायची."

"कुठं ठेवतीस? न दाखवनार कोनाला? फोटो तरी हाय का एक माज्याकडं?"

फोटो नव्हतेच. सेटच्या फाटकावर फोन काढून घेत, कामगारांचे तर आधी. पंचवीस वर्षांच्या कामाचा घरात एकही कागद नव्हता. होता तो प्लास्टरच्या धुळीने छातीत बसलेला खोकला.

मग हिरवं कापड आलं. भिंतीच्या जागी हिरवा पडदा ताणायचा, भिंत नंतर कॉम्प्युटरमध्ये घालायची. शेवटची दोन वर्षं भिवाजीला ते कापड ताणायचं काम होतं. चुण्या पडता कामा नयेत म्हणून तो त्यावर इस्त्री फिरवायचा. एक दिवस त्यालाही येऊ नका म्हणून सांगितलं. तो घरी आला, पंप धुऊन माळ्यावर टाकला आणि भाताच्या कामाला लागला.

जितेश तोवर कंपनीत चिकटला होता. त्याने घरामागे सिमेंटची एक खोली काढली. गवंडी गावातलाच, मनोज. खोली झाली, पण मागच्या भिंतीला गिलावा करून रंगाचं पुढे बघू म्हणून तशीच सोडली. भिवाजी त्या भिंतीपुढे जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवसापासून त्याने चहाचा घोट उरवायला सुरुवात केली.

त्याला तीन दिवसांत भिंत करता येत होती. ही त्याने दीड वर्ष केली. जितेश कामावर गेला, चंद्राबाई गवताच्या भाऱ्याला किंवा डेअरीवर गेली, की तो मागे जायचा. रोज थोडंच. ताकात कालवलेली माती एका कोपऱ्याला लावायचा आणि तिला शेवाळ धरू द्यायचा. चेन हलक्या हाताने मारून कडा पाडायचा. पावसाचं पाणी खरंच जिथून उतरत होतं, तिथे तो त्याला थोडी वाट करून द्यायचा, इतकंच. चंद्राबाईला हे कळलं, कारण तिचं ताक कमी व्हायला लागलं होतं. एका दुपारी तिने त्याला धरलं. तो भिंतीशी उकिडवा बसून करंगळीने काजळी लावत होता.

"हे काय वो?"

"कोनाला बोलू नको," तो लहान पोरासारखा म्हणाला. "ही कोन मोडनार नाय. आपली हाय."

भिंत इतकी सावकाश बदलली की घरात दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं तेव्हा ती म्हातारी झाली होती. जितेश भडकला. त्याने मनोजला बोलावून आणलं.

"दोन वर्सं झाली नाय मनोजभाऊ, न भिंत गेली! काय शिमिट घातलं की नुसती रेती?"

मनोजने भिंतीवर हातोडीचं बूड ठोकलं. पुन्हा ठोकलं. कान लावला. "जितेश, आवाज तर कोरडा येतोय रं. भिंत ठणठणीत हाय. न दिसते अशी. भूत मुतलं काय हिच्यावर?"

"भुताला काय दुसरी भिंत नाय गावली?"

दोघांची चांगलीच जुंपली. भिवाजी दारात उभा राहून ऐकत होता. चंद्राबाईने त्याच्याकडे पाहिलं, तर त्याचे डोळे भरून आले होते. गवंड्याने हातोडी ठोकूनही ओळखलं नव्हतं. आतल्या आत तो किती खूश झाला हे तिला एकटीला कळलं. तेव्हाच तिने बोलायला हवं होतं, असं तिला नंतर फार वेळा वाटलं.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर रियाचा फोन आला. ही मुलगी सेटवर नवी नवी होती तेव्हा भिवाजीच्या हाताखाली भिंतीवर खोटी ओल काढायला शिकली होती. ओल खालून चढते, पाणी वरून उतरतं, दोघांची गाठ कुठे पडते ते आधी बघायचं, हे त्याने तिला शिकवलं होतं. आता ती मुंबईत एका प्रदर्शनाचं काम बघत होती. पडद्यामागच्या कारागिरांचं प्रदर्शन. निवडलेल्या प्रत्येकाला एक आख्खी भिंत, तिच्यावर त्याने येऊन काम करायचं, खाली त्याचं नाव.

"काका, मी तुमचं नाव दिलंय. पण समितीला तुमचं एक तरी काम बघायला लागेल. काहीच उरलं नाही का?"

"एक हाय," भिवाजी म्हणाला. "घरीच हाय. या तुमी."

रविवार ठरला. घरी त्याने एवढंच सांगितलं, "मुंबैवरनं मानसं येनार हायत. माजं काम बघायला."

"कुठलं काम, बाबा?" जितेशने विचारलं.

"आल्यावर बघशील."

चंद्राबाई त्याला म्हणाली, "पोराला आधी सांगा तरी."

"त्यांच्यासंगंच बघू दे. त्यांनी म्हनायचं, ही भिंत तुमी केली? न तवा जितेश तिथं उभा पायजे." त्याने हे मनात किती वेळा घडवून पाहिलं असेल, ते त्याच्या बोलण्यावरूनच समजत होतं. त्या आठवड्यात तो नव्या शर्टाला स्वतः इस्त्री करत होता.

शनिवारी कोंडाणे गावात चंद्राबाईच्या भाचीचा साखरपुडा होता. दोघं सकाळीच गेली. दुपारी जेवून परत निघाली. रिक्षात भिवाजी बोलत होता. सकाळी दहाच्या उन्हात भिंत चांगली दिसते, तेव्हाच त्यांना मागे न्यायचं, आधी चहा नको, आधी भिंत. घराच्या फाटकाशी रिक्षा थांबली आणि त्याने नाक वर केलं. चंद्राबाईलाही वास आला. ताज्या रंगाचा.

परसात जितेश आणि त्याचा मित्र ओमकार उभे होते. अंगावर, केसांवर रंगाचे शिंतोडे. मागची भिंत वरपासून खालपर्यंत पिवळसर, साईसारखी, चकचकीत. मधोमध लाल अक्षरं, अजून ओली. ओमकार गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवतो, त्याचं वळण चांगलं आहे. 'कलाकार श्री. भिवाजी भगत यांच्या निवासस्थानी पाहुण्यांचे सहर्ष स्वागत.'

"कसं वाटतंय, बाबा?" जितेश घामाने निथळत होता. "रजा टाकली आज. मुंबैची मानसं येनार न ही सडकी भिंत बघनार? इज्जतीचा सवाल हाय. आदी सगळी खरवडली, पत्री मारून. मग पायमर, वर दोन हात. पानी नाय शिरत याच्यात, सात वर्सांची ग्यारंटी हाय."

"न नाव बघा काका, लांबनं वाचाय येतं," ओमकार म्हणाला.

भिवाजी भिंतीजवळ गेला. त्याने उजवा तळवा भिंतीवर ठेवला, जिथे शेवाळाचा कोपरा होता तिथे.

"बाबा, ओला हाय अजून!"

त्याने हात काढला. भिंतीवर पंजा उमटला होता. जितेशने हसत रोलर उचलला आणि त्यावरून फिरवला. पंजा गेला.

चंद्राबाईच्या तोंडात शब्द आले होते. भिवाजीने तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग तो लेकाला म्हणाला, "चांगली झालीय रं." आणि रंगाचा हात तसाच धरून मोरीत गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. ती मागोमाग गेली.

"त्याला सांगते मी."

"नाय."

"अवो, त्याला म्हाईत नव्हतं—"

"म्हनून तर. त्यानं जीव तोडून केलंय. उभा जन्म खात राहील त्याला ते." नळ बंद करत तो पुढे म्हणाला, "गवंड्याला नाय कळलं, त्याला कसं कळावं?"

रविवारी दहाला गाडी आली. रिया, एक चष्म्याच्या बाई आणि पांढऱ्या दाढीचे एक सर. रियाने वाकून भिवाजीच्या पायांना हात लावला. सगळे मागे आले. ऊन भिंतीवर सरळ पडलं होतं आणि भिंत नुसती चमकत होती.

"काका, काम कुठंय?" रियाने विचारलं.

जितेश पोह्यांच्या बशा घेऊन बापाच्या शेजारीच उभा होता. त्यालाही बघायचंच होतं. चंद्राबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. एक वाक्य बोललं की झालं असतं. रियाने विश्वास ठेवला असता, ती ओळखत होती त्याला.

"मोडलं," भिवाजी म्हणाला. "तुला म्हाईत हाय ना, सगळं मोडूनच टाकत्यात. मला वाटलं एक हाय. पन नाय."

"फोटो? एखादा तरी?"

"नाय गं."

चष्म्याच्या बाई घड्याळाकडे बघायच्या थांबल्या नाहीत, पण पोह्यांना चांगलं म्हणाल्या. दाढीवाले सर हात धुवायला पाण्याच्या ड्रमाकडे गेले. ड्रम भिंतीला लागून होता आणि त्याच्यामागच्या वीतभर जागेपर्यंत पत्री आणि रोलर पोचले नव्हते. सरांनी हात झटकले, सहज वाकून बघितलं.

"घर बरंच जुनं दिसतंय तुमचं," ते म्हणाले. "ही मूळची भिंत. हिच्यावर रंग नको होता द्यायला. हल्ली असं बघायला मिळत नाही."

भिवाजीचा चेहरा एकदम उजळला. देवळाच्या पायरीवर डोकं टेकून चंद्राबाई उठली होती तेव्हा उजळला होता तसाच. रियाने त्याच्याकडे पाहिलं, ड्रमाकडे पाहिलं. तिला काही वाटलं असेल का, ते चंद्राबाईला सांगता येत नाही. कारण तेवढ्यात जितेश ओशाळून पुढे आला.

"सॉरी सर, घाईत तेवढं राहिलं. ड्रम भरलेला होता. उद्या मारून घेतो तिथं."

आणि दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी त्याने ड्रम रिकामा केला, बाजूला सरकवला आणि तेवढी वीतभर जागाही खरवडून रंगवली. भिवाजी पायरीवर बसून बघत होता. चंद्राबाईने ड्रमाला हात घातला असता, आदल्या दिवशी पाहुण्यांपुढे तो सरकवला असता, तर. हे 'तर' तिच्याजवळ राहिलं आहे.

जाताना रियाने भिवाजीचा एक फोटो काढला होता. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. तिने खूप भांडून पाहिलं म्हणाली, पण बघितल्याशिवाय घ्यायचं नाही असं समितीचं ठरलं. पुढच्या वेळी नक्की, काका. "असू दे गं," तो म्हणाला. "तुजं काम कसं चाललंय?" आणि मग दहा मिनिटं तिच्याच कामाचं बोलला.

त्यानंतर त्याने माळ्यावरून पंप काढला नाही. एकदा जितेश नसताना नखाने भिंतीचा एक कोपरा खरवडून पाहिला. साईच्या रंगाखाली पांढरा रंग, त्याखाली नुसतं सिमेंट. पत्रीने सगळं आधीच निघालं होतं. त्याने बोट धोतराला पुसलं. खोकला वाढला. दवाखान्यात छातीचा फोटो काढला, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं काम काय करत होतात. जितेशने रंगारी असं लिहून दिलं.

चहा तो प्यायचाच, पण मागच्या दाराने जायचा नाही. पुढच्या ओटीवर बसून प्यायचा आणि कपात काही उरायचं नाही. भिंतीवर पावसाळ्याचं पाणी आलं आणि निथळून गेलं, डाग पडला नाही. जितेश येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवायचा.

नवरात्राच्या आधी, भात पोटरीत असताना भिवाजी गेला. रियाने पाठवलेला फोटो जितेशने मोठा करून हार घालून लावला आहे. त्यात नव्या शर्टातला भिवाजी भिंतीपुढे ताठ उभा आहे आणि त्याच्या डोक्यावर लाल अक्षरांत 'कलाकार' आलं आहे. बाकीची अक्षरं फोटोत मावली नाहीत. बाराव्याला आलेली माणसं म्हणाली, फोटो झकास आहे. चंद्राबाईने जितेशला अजून काही सांगितलेलं नाही. तो कधीतरी भिंतीवरून हात फिरवतो, बाबांसाठी केली म्हणतो, आणि ती आत निघून जाते.

भिवाजी गेला त्या सकाळी तिने त्याला ओटीवर चहा नेऊन दिला होता. तो भिंतीला टेकून बसला होता, अंगावर घोंगडी. ती गोठ्याकडे जायला निघाली तेव्हा त्याने कप पुढे केला. आत पाहायची तिला सवय लागलेली होती, म्हणून तिने पाहिलं.

"पुरा प्यायलो गं," तो म्हणाला. "ने कप."